मेडनला पाहिलं एकदाचं (आणि चर्चिलची वाट पाहिली)

दुहेरी_कॅसेट | रविवार, रात्री १:२०

घसा बसलाय, बोलता येत नाही आणि झोपही येत नाही, म्हणून लिहितोय. काल रात्री आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडला प्रत्यक्ष पाहिलं. 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा. स्टीव्ह हॅरिसने १९७५च्या नाताळात बँड काढला त्याला पन्नास वर्षं, म्हणून या दौऱ्यात फक्त पहिल्या नऊ अल्बममधली गाणी, म्हणजे १९८० ते १९९२.

आधी माझं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मेडन शिकलो ते 'लाइव्ह आफ्टर डेथ'वरून. १९८५चा लाइव्ह अल्बम, मोठ्या भावाकडची दोन कॅसेटची जोडी. स्टुडिओतले अल्बम फार नंतर हातात आले. त्यामुळे माझ्या लेखी लाइव्ह गाणं हेच मूळ गाणं, आणि स्टुडिओतलं म्हणजे लोक घरी गेल्यावर वाजवलेलं, जरा गार झालेलं. त्या रेकॉर्डची सुरुवात चर्चिलच्या भाषणाने होते, ते समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याचं भाषण, आणि ते संपतासंपता 'एसेस हाय' अंगावर येतं. मध्येमध्ये गायक ब्रूस डिकिन्सन ओरडतो, 'स्क्रीम फॉर मी, लाँग बीच!' लाँग बीच हे कॅलिफोर्नियातलं शहर आहे आणि रेकॉर्डिंग तिथलं आहे हे कळायला मला कॉलेज उजाडलं. तोवर मला वाटायचं, लाँगबीच हा किंकाळीचा एक प्रकार असावा.

कुठे शिट्टी येते, कुठे ब्रूसला धाप लागते, कुठल्या गाण्यानंतर तो काय बोलतो, सगळं पाठ. कॅसेटची बाजू जिथे संपायची तिथे माझं डोकं आजही क्षणभर थांबतं आणि बोट बटण शोधतं.

असा माणूस पहिल्यांदा कॉन्सर्टला गेला. एक शपथ घेतली होती: सेटलिस्ट, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यांची यादी, बघायची नाही. दौरा सुरू झाल्यापासून या विषयावरचे धागे उघडलेसुद्धा नाहीत. कारण सुरुवात काय असणार हे मला माहीतच होतं ना. चर्चिल.

चार तास आधी जाऊन उभा राहिलो तरी पुढचं रेलिंग मिळालं नाही. साउंडवाल्यांच्या टेबलाच्या थोडं पुढे, मधोमध जागा मिळाली. समोर एक सहा फुटी इसम, अंगात बिनबाह्यांचं डेनिमचं जॅकेट, पाठ पॅचनी भरलेली. ती पाठ मी दोन तास वाचली. खालच्या उजव्या कोपऱ्यातला एक पॅच सुटत आला होता आणि काळ्या शर्टावर चालणार नाही अशा पांढऱ्या दोऱ्याने घातलेले टाके दिसत होते. स्वतः घातले असणार.

मग स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे: हे गाणं लागलं की पुढचं मेडन. बसलेले उठले, पाण्याला गेलेले धावत आले. गाणं संपलं, दिवे गेले, मी चर्चिलच्या पहिल्या शब्दासाठी तोंड उघडलं...

आणि 'आयड्स ऑफ मार्च' सुरू झालं. त्याला जोडून 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'. १९८१! चुकीच्या गाडीत चढलेल्या माणसासारखा उभा होतो मी. गाडी सुटलीय, सगळे खुशीत आहेत आणि माझं स्टेशन यात लागतच नाही. पुढे 'रॅथचाइल्ड', 'किलर्स', 'फँटम ऑफ द ऑपेरा'. पहिल्या दोन अल्बममधली, ब्रूसच्या आधीचा गायक पॉल डिआनो याच्या काळातली ओळीने चार गाणी. आवाजही सुरुवातीला गढूळ, बास नुसता पोटात गुरगुरत होता, गिटारी तीन दिसत होत्या आणि ऐकू दीड येत होती.

खरं सांगतो, पहिला अर्धा तास मी गाणी ऐकत नव्हतो, तपासत होतो. हा ठेका जरा संथ. ही किंकाळी इथे नव्हती. इथे हा अमुक बोलतो, बोलला नाही. पोरगं पाढे म्हणतंय आणि मी पट्टी घेऊन उभा. तीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी मी मास्तर झालो होतो.

ते सुटलं 'टू मिनिट्स टू मिडनाइट'मध्ये. हॅरिस आमच्या बाजूला आला. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर पाय, बास बंदुकीसारखा आमच्यावर रोखलेला, दोन बोटं तारांवर घोड्यासारखी दौडतायत. (तारा छेडायचं पिक नाही. नुसती बोटं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस.) पण माझं लक्ष गेलं त्याच्या तोंडाकडे. समोर माइक नाही आणि तो शब्द न् शब्द म्हणतोय. तसं तो सगळ्याच गाण्यांत करतो हे व्हिडिओत पाहिलेलं आहे. पण हे गाणं त्याचं नाही, गिटारवाला स्मिथ आणि डिकिन्सनचं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणं हा माणूस चाळीस वर्षं कोणालाही ऐकू न जाता म्हणतोय. मी काय वेगळं करत आलो? पट्टी गळून पडली हातातली.

मग 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिजच्या १७९८च्या कवितेवरचं, स्टुडिओत पावणेचौदा मिनिटांचं. २००९नंतर या दौऱ्यापर्यंत त्यांनी हे वाजवलं नव्हतं. 'लाइव्ह आफ्टर डेथ'वर या गाण्याआधी ब्रूस एक वाक्य टाकतो, की पक्षी अंगावर शिटला तर काय करू नये, त्याची ही गोष्ट. ज्यांना रेकॉर्ड पाठ आहे त्यांना माहीत असेल. काल तो तसलं काही बोलला नाही. दिवे मंद झाले आणि मी ते वाक्य पुटपुटलो, स्वतःपुरतं. त्याच क्षणी माझ्या उजवीकडून तेच वाक्य आलं, त्याच हेलात, अगदी त्याच ठिकाणी श्वास घेऊन. साठीचा एक माणूस, केस पार गेलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि रिफ सुरू झाला.

मधला तो संथ भाग येतो ना, जहाजाची लाकडं करकरतात फक्त, तेव्हा हजारो माणसं गप्प होती. त्या करकरीत मला शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

डोळे मिटायला लागले. चर्चिलचं काय झालं ते उद्या. आता बडबड करू नका, झोपू द्या.

रेलिंगवाली | रविवार, सकाळी ७:०५

असं चर्चिलला टांगून कोणी झोपतं का? णिषेध.

मी दोनदा रेलिंगला होते, दोन वेगळ्या दौऱ्यांत. हॅरिसच्या तोंडाचं अगदी बरोबर. जवळून बघितलं तर तो तुमच्याकडे बघून म्हणतो. म्हणजे मला तरी माझ्याकडेच वाटलं. शेजारचे सातही जण नंतर तेच म्हणत होते.

एकपेडल | रविवार, सकाळी ९:३०

सगळं लिहिलंत, ड्रमबद्दल एक ओळ, तीही 'ठेका संथ'. आधीचा ड्रमर निको मॅकब्रेन, त्याच्याबद्दल काहीच नाही?

माझं दैवत तो. अनवाणी वाजवायचा. एका पायाखाली एकच पेडल, लोक दोन लावून जे करतात ते हा एकावर करायचा (माझं इथलं नाव त्यावरूनच). जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली होती, तरी त्याच वर्षी दौऱ्यावर वाजवलं. काही जागा पूर्वीसारख्या जमत नाहीत हे त्याने स्वतःच सांगितलं. ७ डिसेंबर २०२४ला साओ पावलोत शेवटचा शो करून तो दौऱ्यांतून बाहेर पडला. मी तिकीट काढणार होतो. नाही काढलं. निको नाही म्हटल्यावर कोणाला बघायचं?

सायमन डॉसनबद्दल राग नाही. हॅरिसच्याच दुसऱ्या बँडचा, ब्रिटिश लायनचा ड्रमर. व्हिडिओ पाहिले, स्वच्छ वाजवतो. पण निको गाण्याच्या किंचित पुढे धावायचा, बाकीचे त्याला गाठायला जायचे, त्या पळापळीत मजा होती. आता गाडी वेळेवर येते.

तिरकस | रविवार, सकाळी ११:१२

लेखन छान. आता मुद्द्याचं. हे संगीत आहे की संग्रहालय? सगळ्यात नवं गाणं १९९२चं. पडद्यावर जुनी चित्रं हलवून दाखवतात. लोक जातात ते स्वतःचं सोळावं वर्ष बघायला, बँड निमित्त. धागाकर्त्याने स्वतःच कबूल केलंय की तो कॅसेट तपासायला गेला होता. मग घरीच ऐकायची. पाय तरी दुखले नसते.

आणि एकपेडलराव, निकोही मूळचा नव्हे. १९८२च्या अखेरीस आला, त्याआधी क्लाइव्ह बर होता. तेव्हाही कोणीतरी 'आता कोणाला बघायचं' म्हटलंच असेल.

एकपेडल | रविवार, सकाळी ११:४०

क्लाइव्ह बरचं मान्य. 'नंबर ऑफ द बीस्ट'वरचं त्याचं काम माझंही आवडतं. पण म्हणून माझं दुःख रद्द होत नाही. :)

जुनाट | रविवार, दुपारी १:१५

तिरकस, त्यांनी नवं वाजवून पाहिलेलं आहे हो. २००६च्या दौऱ्यात 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा ताजा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने वाजवला. तेव्हा कुरकुरले कोण? पंखेच. 'जुनी गाणी कुठायत?' म्हणून. नवं वाजवलं की 'जुनं हवं', जुनं वाजवलं की 'संग्रहालय'.

दुहेरी_कॅसेट, तुमचा जन्म चुकीच्या दौऱ्यासाठी झाला. मी २००८चा 'समव्हेअर बॅक इन टाइम' पाहिलाय. तिथे अंधार, चर्चिल, 'एसेस हाय', बरोब्बर तुमच्या कॅसेटच्या क्रमाने. ब्रूस स्वतः बोइंग ७५७ चालवत बँड, माणसं आणि सामान घेऊन देशोदेशी हिंडत होता तेव्हा. आणि तुमची गंमत अशी, की मला त्या दिवशी सगळं हवं तसं मिळालं आणि आज त्यातलं फारसं आठवत नाही. पहिलं गाणं आणि परतीची पायपीट, बस.

उपरा_श्रोता | रविवार, दुपारी ३:०२

मी या संगीतातला नाही, धागा मजेने वाचतोय. भाबडा प्रश्न. इतक्या लांबून, इतक्या गर्दीत, आवाज गढूळ, समोर सहा फुटी पाठ. गाणं नीट ऐकू येत नाही, माणूस नीट दिसत नाही. मग नेमकं मिळतं काय? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय. आमच्या बैठकीत निदान गवयाची मान समेवर येताना दिसते.

खालचा_षड्ज | रविवार, दुपारी ४:२०

ध्वनिव्यवस्थेत काम केलंय, मेडनसाठी नव्हे, बऱ्याच लहान बँडसाठी. गढूळ आवाजाचं सांगतो.

साउंडचेक रिकाम्या जागेत होतो. मग आत हजारो माणसं येतात आणि माणूस म्हणजे कपडे घातलेली गादी, वरचे सूर शोषून घेतो. खालचे सूर मात्र तसेच राहतात. त्यामुळे बास जास्त, गिटार कमी. पहिली दोन गाणी टेबलावरचा माणूस हेच निस्तरत असतो. उघड्यावर वारा आणि हवेचं तापमान आवाज वाकवतात ते वेगळंच. तिसऱ्या गाण्यापासून 'बँड रंगात आला' असं लोक म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा टेबलावरचा माणूस रंगात आलेला असतो.

दुसरं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर पडद्यावर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि आवाज पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा येतो. म्हणून मागे स्पीकरचे वेगळे मनोरे उभे करतात आणि त्यांना मुद्दाम तेवढा उशीर लावतात, म्हणजे पुढून आलेला आणि मनोऱ्यातला आवाज एकदमच कानावर पडेल. टाळ्यांना असा उशीर लावता येत नाही. म्हणून मोठ्या मैदानात टाळ्या कधीच एका तालात नसतात, लाटेसारख्या मागे सरकत जातात. एकदा ऐका मुद्दाम.

जागा निवडायची असेल तर टेबलाच्या आसपास. जो मिक्स करतो तो स्वतःला चांगलं ऐकू येईल असंच करणार. धागाकर्त्याची जागा सोन्याची होती, त्याला समोरची पाठ तेवढी दिसली.

कानसेन | रविवार, संध्याकाळी ६:१०

कोणी कानात प्लग घातले होते का, हे अजून एकाही प्रतिसादात नाही. व्यवसायाने ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे माफ करा, मी ही अशीच.

उपरा_श्रोता | रविवार, संध्याकाळी ६:१८

थांबा, ऐकायला जायचं आणि कानात बोळे घालायचे?

कानसेन | रविवार, संध्याकाळी ६:५५

हो. आणि त्याने जास्त ऐकू येतं.

हिशेब असा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी ८५ डेसिबल, आठ तास, ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात १०० सहज गाठलं जातं आणि कार्यक्रम दोन तास. म्हणजे मर्यादा 'फँटम'च्या आसपास संपली.

फोमचे बोळे वरचे सूर खातात, म्हणून उशी तोंडावर घेतल्यासारखं वाटतं. संगीतासाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतात. आवाज फार मोठा झाला की कान सगळं एकत्र कालवतो. तो खाली आणला की तिन्ही गिटारी सुट्या होतात. पाहा करून. दुहेरी_कॅसेट, तुम्ही काय केलंत?

दुहेरी_कॅसेट | रविवार, रात्री ९:४०

दिवसभर झोपलो होतो. आवाज अजून नाही.

कानसेनताई, प्लग होते. संगीतवालेच. चर्चिलपर्यंत होते. तिथेच येतोय.

'राइम'नंतर मी शहाण्यासारखा वागलो. 'रन टू द हिल्स'ला ओरडलो, 'ट्रूपर'ला ब्रूसने झेंडा फिरवला तेव्हा हात वर केले. 'हॅलोड बी दाय नेम' झालं, शेवटी 'आयर्न मेडन' हे गाणं झालं आणि ते आत गेले. माझ्या कॅसेटवर या गाण्यानंतरही पुढे बरंच आहे, पण मी आता मोजणं सोडलं होतं. चर्चिल येणार नाही हे मनाशी मान्य केलं होतं. इतकं मान्य, की शेजाऱ्याशी हातवारे करून बोलत होतो, कारण आवाज दोघांचाही गेलेला.

अंधार तसाच होता. आणि स्पीकरमधून ती खरखर आली.

मला खरखरीवरूनच कळलं. पहिला शब्द यायच्या आधी. कॅसेटवर तीच खरखर आहे, तीस वर्षं मी तिला माझ्या कॅसेटचा दोष समजत होतो. मी दोन्ही कानांतले प्लग ओढून काढले. का, ते सांगता येणार नाही. मध्ये काही नको वाटलं.

आजूबाजूचे सगळे भाषण म्हणत होते, शब्द न् शब्द. सहा फुटी जॅकेटवाला म्हणत होता. शेजारी डोळे मिटून म्हणत होता. ज्याने या क्षणासाठी सुरुवातीला तोंड उघडलं होतं त्याला आता काही म्हणता येईना. मी एकटा गप्प.

मग 'एसेस हाय'. हे गाणं ब्रूसने सव्विसाव्या वर्षी त्या रेकॉर्डसाठी म्हटलं, सुरुवातीला, ताज्या गळ्याने. काल तो सहासष्ट वर्षांचा होता, मध्ये जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगातून उठलेला, आणि हे गाणं दीड तासाहून जास्त गाऊन झाल्यावर आलं. वर जाताना तो गुडघ्यात वाकत होता, जड वस्तू उचलताना वाकतो तसा. कॅसेटवर हे वाकणं ऐकू येत नाही. धृपदाला त्याने माइक आमच्याकडे धरला आणि ती वरची ओळ आम्ही म्हटली. वाईट म्हटली. मी तर नुसती हवा सोडली.

'फिअर ऑफ द डार्क', 'वेस्टेड इयर्स', संपलं. स्पीकरवर ते शेवटचं आनंदी शिट्टीवालं गाणं लागलं, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं, जे ते नेहमी लावतात. दिवे लागले. एवढंच.

तिरकस, तुमचं निम्मं खरं. मी सोळावं वर्ष बघायलाच गेलो होतो. ते तिथे नव्हतं. तिथे सहासष्टावं होतं. मला ते जास्त बघण्यासारखं वाटलं, तुम्हाला वाटेलच असं नाही.

उपरा_श्रोता, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. तुम्ही म्हणता तशी मान समेवर येताना दिसत नाही. पण गुडघे दिसले.

उपरा_श्रोता | रविवार, रात्री १०:०५

गुडघ्यांनी भागलं माझं. त्या लाइव्ह रेकॉर्डचं नाव लिहून घेतलंय.

रेलिंगवाली | रविवार, रात्री १०:३०

किती जणांनी फोन वर केले होते 'राइम'च्या त्या शांत भागात? बँडचा मॅनेजर रॉड स्मॉलवूड याने दौऱ्याआधी विनंती केली होती की फोन खिशात ठेवा. मी स्वतः पूर्वी केलंय शूटिंग, एक अख्खं गाणं. घरी येऊन पाहिलं तर आवाज म्हणजे नुसता फाटका पत्रा आणि त्यावर माझंच बेसूर गाणं. पुसून टाकलं. आता वीस सेकंद काढते, पुराव्यापुरते.

दुहेरी_कॅसेट | रविवार, रात्री १०:३८

होते थोडे. करकर सुरू झाल्यावर बरेच खाली गेले. काहींनी उलट दिवे लावून वर धरले. ते मला आवडलं, कबूल करतो.

तळटीप | सोमवार, सकाळी ८:१५

जरा तळटीप. ते भाषण चर्चिलने ४ जून १९४०ला संसदेत केलं, पण तेव्हा सभागृहातली भाषणं ध्वनिमुद्रित होत नव्हती. आपण ऐकतो तो आवाज त्याने १९४९मध्ये, युद्ध संपून चार वर्षं झाल्यावर, मुद्दाम पुन्हा वाचून रेकॉर्ड केलेला आहे. म्हणजे ज्या आवाजासाठी आपण प्लग काढलेत तो मुळात लाइव्ह नाहीच. सत्तरीच्या पुढच्या माणसाने आपलंच जुनं गाजलेलं भाषण पुन्हा म्हटलंय.

तिरकस | सोमवार, सकाळी ८:४०

हाहाहा. म्हणजे चर्चिलचाही 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौराच तो. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कोणीतरी.

दुहेरी_कॅसेट | सोमवार, सकाळी ९:०२

तळटीप, हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं. शेजाऱ्याला सांगायला हवं होतं, त्यालाही आवडलं असतं.

एकपेडल | सोमवार, सकाळी १०:२०

त्याचं नाव, नंबर काही घेतलंत की नाही?

दुहेरी_कॅसेट | सोमवार, सकाळी १०:३१

नाही. दोघांचेही आवाज गेले होते. जाताना त्याने बोटाने वर आकाशाकडे दाखवलं आणि मग स्वतःच्या टकलावर हात फिरवला, पक्षी शिटल्यासारखा. मी हसेपर्यंत तो गर्दीत गेला.

एकपेडल | सोमवार, सकाळी १०:४५

पुढच्या टप्प्याची तिकिटं बघतोय. निको नाही तरी. काही बोलू नका.

कानसेन | मंगळवार, रात्री ८:१०

कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारते. प्लग काढल्यानंतर तीन गाणी उघड्या कानांनी. आता कसं आहे?

दुहेरी_कॅसेट | मंगळवार, रात्री ८:५०

उजवा ठीक. डाव्यात बारीक शिट्टी आहे. रात्री शांत झालं की जास्त. आवाज मात्र परत आला.

कानसेन | मंगळवार, रात्री ८:५४

बहुतेकदा एकदोन दिवसांत जाते. तिसऱ्या दिवशीही आहे म्हणजे वाट बघत बसू नका. उद्याच कानाच्या डॉक्टरांना फोन करा आणि तपासणी करून घ्या. गंमत करत नाहीये.

दुहेरी_कॅसेट | बुधवार, सकाळी ११:२०

केला. गुरुवारी चारची वेळ मिळाली. तिथल्या बाईंनी विचारलं, मोठा आवाज कशाचा होता? मी चर्चिल म्हणणार होतो, पण गप्प बसलो.